माळावरचे पक्षी मोजताय? आधी गवत मोजा

माळकरी

नाशिकमध्ये पक्षी बघायचे म्हटलं की गाडी आपोआप नांदूरमध्यमेश्वरकडे वळते. वळू दे. गोदावरी-कादवेवरचा तो बंधारा, थंडीतली बदकं, रोहित पक्षी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), सगळं खरं आहे. पण चापडगावच्या मनोऱ्यावरून उतरून विंचूर, येवला करत राजापूरकडे निघालात तर मुलूखच बदलतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला पाचशेच्या आसपास. मुरमाड जमीन, मधूनच बोर नाहीतर हिवर, आणि बाकी सगळं गवत. ममदापूर-राजापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र 2014 साली जाहीर झालं ते काळविटांसाठी, त्यामुळे तिथे येणारा माणूस काळवीट बघतो, फोटो काढतो आणि परत जातो. त्याच्या बुटापासून वीस पावलांवर धाविक हा मातकट रंगाचा पक्षी बसलेला असतो, तो दिसत नाही.

आम्ही काही जण या माळांवर आणि सिन्नर, चांदवड, नांदगावकडच्या काही गायरानांवर ठरलेल्या रेषांवरून चालत पक्षी मोजतो. वर्षातून चारदा: मे अखेर, ऑगस्ट, दिवाळीच्या आगेमागे आणि जानेवारी-फेब्रुवारी. हा धागा त्यासाठीच. नवीन माणसं हवी आहेत, आणि एक वादही घालायचा आहे.

वाद असा. बहुतेक जण माळावर जाऊन यादी करतात. चंडोल अमुक, तितर तमुक, माळटिटवी दोन. घरी येऊन ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकली की काम झालं. माझं म्हणणं, त्या दिवशी गवत घोट्याएवढं होतं की कमरेएवढं, चरलेलं होतं की कापलेलं की जळालेलं, हे लिहिलं नसेल तर त्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. कारण माळावरचा प्रत्येक पक्षी वेगळं गवत मागतो. धाविकाला जवळजवळ उघडी, मेंढरांनी खुरटून ठेवलेली जमीन लागते, धावत जाऊन किडा टिपायचा असतो त्याला. डोंबारी चंडोलालाही ढेकळं, मुरूम, थोडी खुरटी झुडपं पुरतात. पावशा लावा मात्र भर पावसात उंच गवतात आणि पिकात शिरून ओरडतो. थंडीत येणारे भोवत्ये, हे शिकारी पक्षी, रात्री जमिनीवरच झोपतात, त्यांना लपायला न कापलेलं उभं गवत हवं. म्हणजे एका माळावर धाविक कमी झाले आणि लावे वाढले, तर माळ बिघडला की सुधारला? गवताची नोंद असल्याशिवाय यावर बोलायचं कसं?

वर्षभरात काय काय होतं ते थोडक्यात. उन्हाळ्यात माळ करपलेला असतो तेव्हाच माळटिटवी उघड्यावर अंडी घालते. धाविकाची वीणही मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते. मे महिन्यात पाणवठ्यावर सकाळी पखुर्ड्या उतरतात, त्यांची मोजणी पाण्यावर करणं सगळ्यात सोपं, कारण इतर वेळी त्या जमिनीच्या रंगात विरघळलेल्या असतात. पहिला पाऊस पडला की चंडोलांची गाणी, लाव्यांची हाक. ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त गडबड आणि सगळ्यात कमी दिसणं, कारण गवत वाढलेलं. दिवाळीला कुसळं पिकतात, उत्तरेकडून भोवत्ये, भारीट यायला लागतात. मग फेब्रुवारीनंतर कापणी, वणवे, आणि पुन्हा करपलेला माळ.

डोंबारीचं घरटं एकदा जवळून बघा, म्हणजे दुरूनच पण दुर्बिणीतून नीट. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला हाताच्या ओंजळीपेक्षा लहान खळगा, आत गवताची काडी, आणि उघड्या बाजूला बारीक खडे मांडून केलेला काठ. नर वर आभाळात चढतो, पंख मिटून सूर मारतो, पुन्हा चढतो. खाली मादी मुरमावर मुरूम होऊन बसलेली. हे घरटं जिथे असतं ती जागा सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेली असते.

असो. प्रश्न विचारा, भांडा, पण या.

टिटवी

मस्त धागा! मी गंगापूर धरणावरच अडकलेय इतकी वर्षं. एक सांगा, ऑगस्टमध्ये दिसत कमी असेल तर मोजायचं कशाला? आणि चिखलात गाडी अडकते ते वेगळंच.

माळकरी

टिटवीताई, ऑगस्टमध्ये डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त मोजायचं. चंडोल, लावे, तितर हे सगळे तेव्हा ओरडून आपला पत्ता सांगतात. रेन क्वेल म्हणजे आपला पावशा लावा, त्याची दोन ठोक्यांची शीळ एकदा कानात बसली की दिवसभर तेवढंच ऐकू येतं. गाडी डांबरावर ठेवायची, काळ्या मातीत घालायचीच नाही.

आकडेमोड

विषय आवडीचा, म्हणून थोडं खोदून विचारतो. उंच गवतात पक्षी कमी दिसतात, हे तुम्हीच म्हणताय. मग ऑगस्टचा आकडा आणि मेचा आकडा यांची तुलना करणार कशी? खुरट्या माळावर शंभर मीटरवरची माळटिटवी दिसते, कमरेएवढ्या गवतात दहा मीटरवरचा लावासुद्धा पायाखाली आल्याशिवाय उडत नाही. म्हणजे पक्षी कमी झाले की दिसणं कमी झालं, हे वेगळं करायला काय करता?

माळकरी

बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणूनच नुसती संख्या लिहीत नाही, अंतरही लिहितो. एक किलोमीटरची सरळ रेषा, दोन टोकं जीपीएसवर पक्की. एक जण बघतो, एक जण लिहितो. पक्षी दिसला की आपल्यापासून नव्हे, तर रेषेपासून तो आडवा किती लांब आहे ते लिहायचं. सुरुवातीला मीटरात अंदाज चुकतात म्हणून पट्टे ठेवलेत: दहा मीटरच्या आत, दहा ते पंचवीस, पंचवीस ते पन्नास, त्यापुढे. पुरेशा नोंदी जमल्या की लांबच्या पट्ट्यांत दिसणं किती झपाट्याने घटतं त्यावरून न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशोब लावता येतो. डिस्टन्स सॅम्पलिंग तेच. यात रेषेवरचा पक्षी सुटत नाही असं गृहीत असतं, आणि लाव्यांच्या बाबतीत ते डळमळीत आहे, म्हणून लाव्यांचे आम्ही फक्त ओरडणारे नर मोजतो आणि त्यांची तुलना ऑगस्टची ऑगस्टशीच करतो. मेशी कधीच नाही.

गवतासाठी आमच्याकडे एक काठी आहे. ठिबकच्या दुकानातून आणलेला पीव्हीसी पाइप, त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा. परदेशी गवताळ प्रदेशांत ही पद्धत 1970 पासून वापरात आहे, रोबेल पोल म्हणतात. रेषेवर दर शंभर मीटरला काठी उभी धरायची, चार मीटर लांब जायचं, डोळा जमिनीपासून एक मीटरवर आणायचा म्हणजे गुडघे टेकायचे, आणि खालून कितवा पट्टा पहिल्यांदा दिसतो ते लिहायचं. चारही दिशांनी. नुसत्या उंचीपेक्षा हे बरं, कारण उंच पण विरळ गवत आणि बुटकं पण दाट गवत यातला फरक पक्ष्याला कळतो, मोजपट्टीला कळत नाही. दिवाळीच्या फेरीत गुडघे टेकलेत की कुसळी पँटमधून, मोज्यांतून, बुटाच्या नाडीतून आत शिरते. तिचं टोक ओलाव्याने पीळ घेतं आणि आत आतच घुसत जातं. घरी जाऊन चिमट्याने काढत बसायचं. घरच्यांनी आमच्या गटाच्या मोज्यांना वॉशिंग मशीनमध्ये बंदी घातलेली आहे.

याशिवाय एक मीटर चौकोनात गवताच्या जाती, मोकळी माती, शेण-लेंड्या किती. आणि ठरलेल्या दगडावरून ठरलेल्या दिशेला एक फोटो. हा फोटो सगळ्यात स्वस्त आणि वर्षांनी सगळ्यात जास्त बोलणारा पुरावा.

निफाडचा द्राक्षवाला

सगळं वाचलं. माफ करा, पण शेतकऱ्याच्या बाजूने कोणी बोलणार आहे का? येवल्यात माझी सासरवाडी आहे. काळविटं रात्री मका आणि कांद्याच्या रोपात शिरतात, सकाळी माणूस डोक्याला हात लावून बसतो. नुकसानभरपाईचे कागद करण्यात आठवडा जातो. आता तुम्ही म्हणणार गवत राखा, पक्षी राखा. माळढोकचं नान्नजला काय झालं आठवतंय ना? 1979 ला अभयारण्य झालं, हद्द आठ हजार चारशे शहाण्णव चौरस किलोमीटरची, त्यात गावंच्या गावं, लोकांना घर बांधायला, जमीन विकायला परवानगी काढत फिरावं लागलं. शेवटी कोर्टकचेऱ्या होऊन ती हद्द 1222 वर आली. लोकांच्या मनात तोवर पक्षी म्हणजे शत्रू झाला होता. तुमच्या काठ्या-पट्ट्या बघून उद्या गावकरी म्हणतील, आले सर्व्हेवाले, आता जमीन जाणार.

माळकरी

भाऊ, नान्नजचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून गावात शिरताना पहिल्यांदा पारावर बसतो, काठी त्यांच्या हातात देतो. सर्व्हेवाले आले ही भीती आम्हीही पाहिलीये. सरपंचांना आणि वनरक्षकांना आधी कळवल्याशिवाय एकही रेषा टाकलेली नाही. आणि आमच्या बहुतेक रेषा गायरानावर आणि पडीक तुकड्यांवर आहेत, कोणाच्या उभ्या पिकात नाहीत. काळविटांच्या नुकसानाबद्दल तुमच्याशी भांडायचं कारणच नाही, ते खरं आहे. भरपाई वेळेत मिळाली पाहिजे.

येवलेकर काकू

माझ्या सासऱ्यांकडे मेंढरं होती. दसरा झाला की निघायचे खाली, पावसाळ्यात परत. त्यामुळे हा माळ मला माहेरापेक्षा जास्त माहीत. मी पक्ष्यांची इंग्रजी नावं सांगू शकणार नाही, पण पखुर्डी कुठे पाण्यावर येते, लावा कुठल्या ओघळीत असतो, हे मेंढक्याला विचारा, तुमच्या काठीआधी सांगेल. सासरे टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज सांगायचे. उंचावर घातली तर पाऊस चांगला, ओढ्यात घातली तर कोरडं जाणार, जितकी अंडी तितके महिने पाऊस. खरं निघायचं का म्हणाल तर कधी निघायचं, कधी नाही. पण अंडी कुठे आहेत हे मात्र त्यांना दरवर्षी पाठ असायचं, आणि मेंढरं त्या बाजूला वळवायचे नाहीत.

मला बोलायचंय ते चराईबंदीवर. ज्या माळावर पक्की बंदी केली, तिथे पहिली दोन वर्षं गवत बघून डोळे निवले. नंतर तेच गवत उभ्या उभ्या वाळून एकमेकांवर पडलं, खालचं पिवळं पडलं, आणि एका उन्हाळ्यात बिडी पडली का काय झालं, सगळा माळ रात्रभर जळत होता. मेंढरं असती तर इतका जाळ झाला नसता. तुम्ही लोक एकतर मेंढरं राक्षस म्हणता नाहीतर एकदम देव. दोन्ही नाही. किती मेंढरं, कधी, किती दिवस, त्यावर आहे. पूर्वी मेंढरांचा एक वाडा, म्हणजे कळप आणि मेंढके, एका जागी चार-आठ दिवस बसायचा आणि पुढे जायचा. आता जागाच उरली नाही म्हणून तीच मेंढरं त्याच तुकड्यावर महिनाभर फिरतात.

रानवेडी

काकू, हे तुम्ही माझ्या तोंडचं घेतलंत. आमच्या एका रेषेचे दोन भाग आहेत, मधे दगडी बांध. एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला चराई. बंदीच्या बाजूला लावे, तिरचिमण्या, उंच गवतात लटकणारी लाल मुनिया. चराईच्या बाजूला धाविक, माळटिटवी, डोंबारी, आणि तिथे कीटक टिपणारे वेडे राघूही जास्त. बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळे माळ. कुठला "चांगला" ते मला विचाराल तर दोन्ही लागतात. सगळीकडे सरसकट एकच नियम लावला की अर्धे पक्षी जातात.

वृक्षमित्र_नाशिक

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही दर जुलैत डोंगरांवर, माळांवर झाडं लावतो. तापमान वाढतंय, भूजल खालावतंय, आणि इथे झाडं न लावण्याचं समर्थन चाललंय असं वाटतंय. उघड्या माळावर झाडं आली तर पक्षी वाढतील की! आज तिथे काय आहे? दगड आणि कुसळं.

माळकरी

पक्षी वाढतील, बुलबुल, सातभाई, कावळे वाढतील. ते नाशिक शहरातही आहेत. धाविक जाईल. तो कॉलेज रोडच्या गुलमोहरावर येऊन बसणार नाही.

मी झाडांच्या विरोधात नाही. बोरगडला, अंजनेरीला, जिथे मुळात रान होतं तिथे जरूर. पण एका गावाच्या माळावर, नाव घेत नाही, समतल चर खोदून ओळीने गिरिपुष्प हे परदेशी झाड लावलेलं डोळ्यांसमोर आहे. चर खोदताना मारवेल-पवन्याचे जुने ठोंब मुळासकट बाहेर. तिथे पुढच्या मेमध्ये माळटिटवी नव्हती, आणि जी दोन-चार रोपं तग धरून उंच झाली त्यांवर बसून कावळे आणि शिक्रा आजूबाजूच्या खुल्या जमिनीवर नजर ठेवून. जमिनीवर घरटं करणाऱ्यांसाठी उंच खांब म्हणजे शिकाऱ्याला दिलेलं आसन. आणि पाण्याचं म्हणाल तर दाट मुळांचं गवत मुरूम धरून ठेवतं, पाणी संथ करतं. गवताळ माळ आपला कार्बन बहुतांशी जमिनीखाली साठवतो, तो वरून फोटोत दिसत नाही इतकंच.

वृक्षमित्र_नाशिक

गिरिपुष्पाबद्दल मान्य. त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही, आम्हीही आता लावत नाही. पण देशी झाडं? बोर, हिवर, खैर, पळस?

रानवेडी

ती माळावर आधीच आहेत, विरळ. खाटीक त्याच बोरीच्या काट्यावर टोळ अडकवून ठेवतो. त्यांना राखा, तोडू देऊ नका, नवीन ओळी टाकू नका. रोपं लावायची हौस असेल तर गावच्या ओढ्याकाठी लावा, तिथे जगतीलही.

मनमाड जंक्शन

भोवत्यांच्या रात्रीच्या बसण्याबद्दल लिहितो, कारण ते काम माझ्या वाट्याला येतं आणि थंडीत कुडकुडत दुसरं कोणी बसायला तयार नसतं.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागा धरायची, बसण्याच्या जागेपासून निदान दोन-अडीचशे मीटर लांब. गाडीतून उतरायचं नाही किंवा उतरलात तर हलायचं नाही. आधी एखादा येतो, माळावरून सपाट उडत, पंखांचा इंग्रजी व्ही करून, डावीकडे उजवीकडे डुलत. गवतावर दोन-तीन चकरा मारतो, बसतो, पुन्हा उठतो, जागा बदलतो. त्यामुळे मोजणी गोंधळते. आम्ही फक्त शेवटच्या वीस मिनिटांत खाली उतरून परत न उठलेले मोजतो. नर ओळखायला सोपे: पांढुरक्या भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर. मोंटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी रेघ. माद्या आणि पिल्लं दोन्ही जातींची तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. संधिप्रकाशात त्यांना जात लावायचा आग्रह धरू नका, "रिंगटेल" लिहा आणि पुढे व्हा. ईबर्डवर त्यासाठी पर्याय आहे. दरवर्षी नवे लोक सगळ्या माद्यांना पांढुरका ठरवून मोकळे होतात आणि मग तो डेटा कोणी वापरत नाही.

आपल्याकडचे थवे गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरसारखे प्रचंड नसतात. पण संख्या लहान असली तरी जागा तीच असते, वर्षानुवर्षं तोच तुकडा. तो तुकडा कापला तर सगळे अचानक गायब. एका गायरानात दिवाळीनंतर चाऱ्यासाठी लिलाव होतो. तिथल्या लोकांशी बोलून एक कोपरा मार्चपर्यंत ठेवायचं ठरवलंय, बदल्यात बाकीच्या गवताचे भारे बांधायला आमच्यातले काही जण जातात. पाठ मोडते, पण कोपरा राहतो.

सकाळी पक्षी उठून गेल्यावर तिथे जाऊन गोळ्या गोळा करायच्या. घशातून परत टाकलेल्या, अंगठ्याएवढ्या. पाण्यात भिजवून फोडल्या की आत नाकतोड्यांचे मागचे पाय, जबडे, उंदरांचे केस, कधी चंडोलाची पिसं. द्राक्षवाले दादा, येवल्याच्या शेतकऱ्यांना दाखवायला माझ्याकडे एक काचेची बरणी आहे, निव्वळ नाकतोड्यांच्या तंगड्यांनी भरलेली. ती दाखवली की सर्व्हेवाले म्हणणारे लोक चहा विचारतात.

निफाडचा द्राक्षवाला

बरणी बघायला येईन एकदा. हे असं बोललात तर लोक ऐकतील. आणि पिकांचंही लिहा. आमच्या लहानपणी त्या भागात रब्बीला ज्वारी, खरिपाला बाजरी, पाखरं हाकायला गोफण घेऊन माचाणावर बसायचो. भोरड्यांचे ढग यायचे. आता सगळा मका आणि कांदा. मक्यावर 2018 नंतर लष्करी अळी आली तेव्हापासून पोंग्यात औषध सोडल्याशिवाय पीक हाती येत नाही. बांधावर तणनाशक. किडाच राहिला नाही तर पाखरू काय खाणार? हे शेतकऱ्याला कळत नाही असं समजू नका, पण ज्वारी काढायला मजूर मिळत नाही आणि भाव मिळत नाही.

आकडेमोड

द्राक्षवाले दादांच्या मुद्द्याला देशपातळीवर आधार आहे. 2023 चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवाल आठवा: 942 जातींचा आढावा, तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या जवळपास तीन कोटी नोंदी. त्यात मोकळ्या जागेतले, गवताळ प्रदेशातले पक्षी घसरणीच्या यादीत ठळक आहेत. मोठा करडा खाटीक, जो आपल्याकडे माळावरच्या बाभळीवर बसलेला असतो, तो दीर्घकाळात ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला. पण तो देशाचा आकडा. नाशिकच्या पूर्व भागात नेमकं काय झालं ते सांगायला जुन्या सलग नोंदी हव्यात. म्हणून माळकरींच्या रेषांना माझा पाठिंबा, एक अट घालून: शून्यही लिहा. ज्या फेरीत धाविक दिसला नाही ती फेरी अपलोड न करण्याची लोकांना सवय आहे. मग आकडेवारीत धाविक कायम दिसतो.

माळकरी

लिहितो, शून्य लिहितो. रिकाम्या सकाळचा फॉर्म सगळ्यात कंटाळवाणा असतो, पण भरतो.

टिटवी

एक विचारू? मी इन्स्टावर बघते, घरट्यातल्या अंड्यांचे, धाविकाच्या पिल्लांचे अगदी जवळचे फोटो असतात. तुम्ही काढता का?

रानवेडी

नाही. आणि यावर आमच्यात काही चर्चा नाही, हा नियम आहे. धाविकाचं पिल्लू धोका जाणवला की पोट टेकून, मान लांब करून जमिनीला चिकटतं. त्या अवस्थेत फोटो छान येतो म्हणून लोक दहा-दहा मिनिटं वाकून उभे राहतात. मे महिन्याच्या उन्हात त्याला सावली देणारी आई तेवढा वेळ लांब. माळटिटवी तर पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते, तुम्ही तिला हटवलंत की काम बंद. घरटं सापडलं की जीपीएस घ्यायचा, थांबायचं नाही, काठी खुणेला रोवायची नाही, कारण कावळा आणि कुत्रा दोघेही आपल्यावर लक्ष ठेवून असतात. जागेचा पत्ता सार्वजनिक यादीत टाकायचा नाही. आणि मोबाइलवर हाक वाजवून लावे बाहेर काढणाऱ्यांनी आमच्याकडे येऊ नये.

मोकाट कुत्री हा तर वेगळा धागा काढावा लागेल. हॉटेलांच्या मागे वाढतात आणि रात्री माळावर शिकारीला जातात. काळविटाची पाडसंसुद्धा सुटत नाहीत.

येवलेकर काकू

शेततळ्यांचंही लिहा गं. प्लास्टिक अंथरलेलं तळं, बाजू घसरड्या, एकदा आत गेलेलं खोकड वर येत नाही. आमच्या दिराने एका कोपऱ्यात जुनी सुतळीची जाळी टाकून ठेवलीये, चढायला धरतात जनावरं. खर्च काही नाही.

माळकरी

काकू, हे सोन्यासारखं. फॉर्ममध्ये शेततळ्यांचा एक रकाना टाकतो: किती, जाळी आहे की नाही.

टिटवी

बरं, येतेय मी. दिवाळीच्या फेरीला काय आणू? आणि स्पष्टच विचारते, दिवसभर उघड्या माळावर बायकांची सोय काय?

रानवेडी

दुर्बीण आठ बाय बेचाळीस असेल तर उत्तम, नसेल तर गटाची एक जादा आहे. मळकट रंगाचे कपडे, पायात गुडघ्यापर्यंत जाड मोजे किंवा गेटर, कुसळीबद्दल वर वाचलंच असशील. टोपी, दोन लिटर पाणी. फुरशापासून सावध, दगड पायाने उलटायचे नाहीत. सोयीचं म्हणशील तर आपण राजापूरकडे एका ओळखीच्या घरी थांबतो, काम साडेनऊला संपतं, त्याआधी पहाटे निघताना येवल्यात एसटी स्टँडजवळ थांबतो. दोन बायका तरी प्रत्येक गटात असतातच, एकटीला कुठल्या रेषेवर पाठवत नाही.

मनमाड जंक्शन

मनमाडहून येणाऱ्यांना मी माझ्या गाडीतून घेतो. चार जागा. संध्याकाळच्या भोवत्या-बैठकीला थांबणाऱ्यांनीच बसावं, अर्ध्यातून परत सोडायला कोणी नसतं.

माळकरी

तर दिवाळीनंतरचा पहिला रविवार. नाशिकहून पहाटे चारला, द्वारका चौकातून. सहापर्यंत पहिल्या रेषेच्या टोकावर पोचायचं, उजाडल्यापासूनचा दीड-दोन तास सगळ्यात कामाचा, नंतर वारा सुटतो आणि चंडोल गप्प होतात. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर फेरी पुढच्या रविवारी. द्राक्षवाले दादा, छाटणीतून सुटका झाली तर तुम्हीही या, बरणी तिथेच दाखवायला सांगतो. काकू, तुमच्या दिरांना विचाराल का, सोमठाणच्या बाजूला पखुर्ड्या अजून सकाळी उतरतात तो पाणवठा कुठला ते? मेच्या मोजणीसाठी तिथे एक माणूस बसवायचा आहे.

येवलेकर काकू

विचारून सांगते. त्यांचा फोन माळावर लागत नाही, रात्री घरी आले की बोलते. नऊच्या सुमाराला उतरतात म्हणाले होते मागे, आणि अंधार पडल्यावर दुसऱ्या येतात त्या वेगळ्या, नक्षीवाल्या.

माळकरी

त्या रंगीत पखुर्ड्या! म्हणजे दोन माणसं बसवावी लागणार, एक सकाळी, एक तिन्हीसांजेला. मनमाड जंक्शन, थंडीत कुडकुडून झालं, आता मे महिन्यातही तुमचाच नंबर दिसतोय.

मनमाड जंक्शन

चहाचा थर्मास मोठा घ्या मग.